वापरकर्ता-अनुभव अभिकल्प : पूर्वनियोजन व अनुचिंतन

एखादी वस्तू, यंत्र, सेवा किंवा संगणक-प्रणाली वापरताना माणसाला येणाऱ्या एकूण अनुभवाचा विचार करून तिची रचना ठरविण्याच्या व्यवसायास ‘वापरकर्ता-अनुभव अभिकल्प’ असे म्हणतात. या व्यवसायात दोन प्रकारचे विचारव्यापार सतत चालू असतात. वस्तू घडविण्यापूर्वी गरजा, साधने, कामाचे टप्पे व संभाव्य चुका यांचा अंदाज घेऊन आराखडा बांधणे, हे पूर्वनियोजन होय. घडविलेल्या वस्तूचा वापर पाहून, प्रसंगी ती घडत असतानाच, मूळ गृहीतके तपासणे व प्रश्नच नव्याने मांडणे, हे अनुचिंतन होय. केवळ पूर्वनियोजनावर विसंबल्यास आराखडा तर्कशुद्ध पण वापरास निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो. केवळ अनुचिंतनावर विसंबल्यास काम पुरे होत नाही, किंवा लहानसहान दुरुस्त्यांच्या नादात मूळ दिशा हरवते. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा विसाव्या शतकातील अभिकल्पविचाराचा एक मध्यवर्ती प्रश्न राहिला असून त्याचे उत्तर प्रत्येक पिढीने वेगळे दिले आहे.

पूर्वपीठिका : हस्तव्यवसायाच्या काळात योजना व कृती वेगवेगळ्या नव्हत्या. कुंभार, सुतार किंवा तांबट वस्तू घडविता घडविताच तिच्यात सुधारणा करी आणि गिऱ्हाईक जवळच असल्याने चूक लवकर लक्षात येई. चार्ल्स ईम्स (१९०७–७८) व रे ईम्स (१९१२–८८) या अमेरिकन अभिकल्पक दांपत्याने भारत सरकारसाठी १९५८ मध्ये केलेल्या अहवालात घरोघरी आढळणाऱ्या लोट्याचे उदाहरण दिले आहे. लोटा घडविताना हातातील पकड, डोक्यावर वा कमरेवर नेताना साधावा लागणारा तोल, पाणी ओतण्याची धार, घासण्याची सोय, धातूची किंमत अशा कितीतरी गोष्टी विचारात घ्याव्या लागल्या असत्या. परंतु लोटा कोणा एका माणसाने योजून केलेला नाही, तो अनेक पिढ्यांच्या वापरातून घडला, हे त्यांनी दाखवून दिले. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) स्थापन झाली.

यंत्रयुगात ही एकात्मता मोडली. फ्रेडरिक विन्झ्लो टेलर (१८५६–१९१५) या अमेरिकन अभियंत्याने १९११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या शास्त्रीय व्यवस्थापनाच्या ग्रंथात कामाची आखणी करणारा विभाग व काम करणारा कामगार यांची स्पष्ट फारकत सुचविली. विचार आधी व वेगळ्या खोलीत, कृती नंतर व कारखान्यात, असे त्याचे स्वरूप होते. फ्रँक गिलब्रेथ (१८६८–१९२४) व लिलियन गिलब्रेथ (१८७८–१९७२) यांनी हालचालींचा चित्रपटाच्या साहाय्याने अभ्यास करून या पद्धतीला सूक्ष्मता आणली. लिलियन यांनी कामगाराचा थकवा व मानसिक घटक यांकडेही लक्ष वेधले. तरीही आखणी पूर्ण झाल्यावर माणसाने तिच्याशी जुळवून घ्यावयाचे, हे गृहीतक बराच काळ टिकून राहिले.

युद्धकालीन अनुभव : या गृहीतकाला पहिला मोठा धक्का दुसऱ्या महायुद्धात बसला. अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानाचे वैमानिक विमान सुखरूप उतरविल्यानंतर धावपट्टीवरच चाके आत ओढून घेत व विमान पोटावर आपटे. अनुभवी वैमानिकांकडूनही ही चूक होत असल्याने ती निष्काळजीपणाची म्हणून सोडून देता येईना. अल्फॉन्स चापानिस (१९१७–२००२) या मानसशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष वैमानिककक्षात पाहणी केली, तेव्हा चाकांचे नियंत्रक आणि पंखांवरील हलत्या पट्ट्यांचे (फ्लॅप) नियंत्रक एकमेकांशेजारी व एकसारखे असल्याचे त्याच्या ध्यानात आले. पट्ट्या आत घेण्यासाठी गेलेला हात चाकांच्या नियंत्रकावर पडत असे. चाकांच्या नियंत्रकाला चाकाच्या आकाराची व पट्ट्यांच्या नियंत्रकाला पाचरीच्या आकाराची मूठ बसविल्यावर न पाहताही हाताला फरक कळू लागला.

पॉल फिट्स (१९१२–६५) व रिचर्ड जोन्स यांनी ओहायओ राज्यातील राइट फील्ड येथे १९४७ मध्ये वैमानिकांच्या अनुभवांचे दोन अभ्यास पूर्ण केले. त्यांपैकी पहिल्यात नियंत्रके वापरताना घडलेल्या ४६० चुकांचे, तर दुसऱ्यात उपकरणे वाचताना घडलेल्या २७० चुकांचे वर्गीकरण होते. पहिल्या गटातील सुमारे निम्म्या चुका एका नियंत्रकाऐवजी दुसरे हाताळल्यामुळे घडलेल्या होत्या. ‘वैमानिकाची चूक’ या नावाखाली मोडणारे पुष्कळसे अपघात वस्तुतः आराखड्याच्या चुका आहेत, हा या अभ्यासांचा निष्कर्ष दूरगामी ठरला. जे आधी कळले नव्हते ते घडून गेलेल्या चुकांच्या कसून केलेल्या विचारातून कळले आणि त्यातून पुढील विमानांच्या आखणीचे नियम निघाले. अनुचिंतन हे पुढील नियोजनाचे साधन कसे होते, याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय.

युद्धोत्तर काळात हीच पद्धत नागरी वस्तूंना लागू झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली दूरध्वनीवरील गोल तबकडीच्या जागी आणावयाच्या कळांचा अभ्यास झाला. आर्. एल्. डायनिंजर याने कळांच्या अनेक मांडण्या लोकांकडून वापरवून घेतल्या व वेग, चुका आणि पसंती यांची नोंद करून १९६० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यात कळांचा दूरध्वनी ग्राहकांना उपलब्ध झाला. गणकयंत्रांवर सात-आठ-नऊ ही ओळ वर असते, तर दूरध्वनीवर एक-दोन-तीन ही ओळ वर असते. आज भ्रमणध्वनीवरही आढळणारी ही मांडणी अशा प्रयोगांतून पुढे आली आहे.

अभिकल्पपद्धतीची चळवळ : सप्टेंबर १९६२ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये अभिकल्पपद्धतींवर परिषद भरली. अभिकल्प ही अंतःस्फूर्तीची बाब न राहता तिला तर्कशुद्ध व उघडपणे तपासता येईल अशी रीत असावी, ही या चळवळीची प्रेरणा होती. जे. क्रिस्टोफर जोन्स (१९२७–२०२२), ब्रूस आर्चर (१९२२–२००५) व ख्रिस्तोफर अलेक्झांडर (१९३६–२०२२) हे तिचे प्रमुख प्रवर्तक होत. प्रश्नाचे विश्लेषण, संश्लेषण व मूल्यमापन असे टप्पे त्यांनी कल्पिले. पश्चिम जर्मनीतील उल्म येथील अभिकल्प महाविद्यालयातही (१९५३–६८) गणित व नियोजनशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान होते.

अलेक्झांडर याने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाचा भारताशी जवळचा संबंध आहे. गुजरातमधील एका खेड्यात राहून केलेल्या निरीक्षणांवर आधारलेले एक सविस्तर उदाहरण त्याने त्यात मांडले आहे. सहाशे वस्तीच्या शेतकरी गावाची पुनर्रचना करावयाची आहे, अशी कल्पना करून त्याने पाणी, गुरे, जातीजातींची वस्ती, देवळे, शेतीचे बांध इत्यादींसंबंधीच्या १४१ गरजा नोंदविल्या, त्यांतील परस्परसंबंध ठरविले आणि संगणकाच्या साहाय्याने त्यांचे गट पाडले. पूर्वनियोजनाची एवढी कठोर शिस्त तोवर क्वचितच दिसली होती. तथापि त्याच ग्रंथाच्या १९७१ च्या आवृत्तीस लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने अभिकल्पपद्धतींचा स्वतंत्र अभ्यास करण्याच्या कल्पनेशीच फारकत घेतली. प्रत्यक्ष घडविण्यापासून पद्धत तोडली की ती निर्जीव होते, असे त्याचे मत झाले होते. जोन्स यानेही १९७० नंतर असाच विरोधी पवित्रा घेतला. ज्यांनी चळवळ उभारली त्यांनीच तिच्या मर्यादा दाखविल्या, ही गोष्ट या इतिहासात अर्थपूर्ण आहे. अलेक्झांडर व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये घरापासून नगरापर्यंतचे २५३ रचनाबंध प्रसिद्ध केले. अनुभवातून टिकून राहिलेल्या उत्तरांचा हा संग्रह पुढे संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही मार्गदर्शक वाटला.

तर्कशुद्ध नियोजनाची बाजू हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) याने १९६९ मध्ये अधिक समर्थपणे मांडली. अस्तित्वात असलेल्या परिस्थितीचे इष्ट परिस्थितीत रूपांतर करण्याचे मार्ग आखणारा प्रत्येक जण अभिकल्पक असतो, अशी त्याची व्यापक व्याख्या आहे. माणसाची विचारशक्ती मर्यादित असल्याने तो सर्वोत्तम उत्तर न शोधता पुरेसे समाधानकारक उत्तर स्वीकारतो, हेही त्याने सांगितले. याउलट होर्स्ट रिटेल (१९३०–९०) व मेल्व्हिन वेबर यांनी १९७३ मध्ये दाखविले की, सामाजिक नियोजनाचे प्रश्न गणितातील प्रश्नांसारखे नसतात. उत्तराचा प्रयत्न केल्यावाचून त्यांची मांडणीच करता येत नाही, ते कोठे संपतात हे सांगता येत नाही आणि प्रत्येक प्रयत्नाचे परिणाम माणसांना भोगावे लागतात. अशा दुर्घट प्रश्नांची दहा लक्षणे त्यांनी दिली. रिटेल हा स्वतः उल्मच्या महाविद्यालयातील अध्यापक होता.

संगणक-प्रणालींची निर्मिती : आज्ञावली लिहिण्याच्या कामातही हाच वाद उद्भवला. गरजा निश्चित करणे, आराखडा, लेखन, चाचणी व वापर हे टप्पे एकामागून एक, धबधब्याप्रमाणे खालीच जाणारे, असे चित्र विन्स्टन रॉइस (१९२९–९५) याच्या १९७० च्या निबंधावरून रूढ झाले. वास्तविक रॉइस याने ही सरळसोट रीत धोक्याची असल्याचे म्हटले होते आणि नव्या प्रकारची प्रणाली असल्यास ती दोनदा करावी, असे सुचविले होते. त्याच्या निबंधातील आकृती सर्वत्र पसरली, इशारा मात्र मागे पडला. फ्रेडरिक ब्रुक्स (१९३१–२०२२) याने १९७५ मध्ये आय्बीएम् कंपनीतील अनुभवावरून पहिली प्रणाली टाकून द्यावी लागेल हे धरूनच योजना करावी, असा सल्ला दिला. वीस वर्षांनी त्याने हा सल्लाही अपुरा ठरविला, कारण त्यातही टप्पे एकामागून एकच येतात असे गृहीत धरलेले होते.

काळजीपूर्वक पूर्वनियोजनाचे सामर्थ्य व मर्यादा झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकात (१९८१) एकत्र दिसतात. कागद, कपाट, टपालपेटी यांची चित्रे पडद्यावर दाखवून कचेरीतील माणसाला ओळखीचे वातावरण द्यावयाचे, ही त्यामागील कल्पना होती. विक्रीच्या प्रणालीची एकही ओळ लिहिण्यापूर्वी दोन वर्षे केवळ वापराच्या रचनेवर खर्च झाली. मूषकावर (माउस) किती कळा असाव्यात यांसारख्या मुद्द्यांवर नवख्या माणसांकडून चाचण्याही घेतल्या गेल्या. यातून निघालेल्या कल्पना आज जगभर रूढ आहेत. परंतु महाग व संथ असलेला हा संगणक बाजारात यशस्वी झाला नाही. पडद्यावरील अनुभवाचे नियोजन उत्तम होते; किंमत, वेग आणि इतर यंत्रांशी मेळ हाही अनुभवाचाच भाग असतो, याची मात्र नंतर जाणीव झाली.

आय्बीएम्‌मधील जॉन गूल्ड व क्लेटन ल्यूइस यांनी १९८५ मध्ये तीन सूत्रे सांगितली : वापरकर्ते व त्यांचे काम यांकडे आरंभापासून लक्ष देणे, प्रत्यक्ष वापराचे मोजमाप करणे आणि पुनःपुन्हा सुधारणा करणे. १९८४ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकमध्ये खेळाडूंना निरोप ठेवता व ऐकता यावेत म्हणून उभारलेल्या बारा भाषांतील ध्वनिसंदेश-यंत्रणेत ही सूत्रे वापरण्यात आली. यंत्रणा उभी राहण्यापूर्वीच वापराचे प्रसंग कागदावर लिहिले गेले, माहितीपुस्तिका तयार करून लोकांना वाचावयास दिली गेली आणि ये-जा करणाऱ्यांनी हाताळावे म्हणून आदिरूप मार्गिकेत ठेवले गेले. खेळांची तारीख पुढे ढकलणे शक्य नव्हते. तरी फेरविचाराला वेळ राहावा, अशी आखणीच केलेली होती. अनुचिंतनासाठी वेळ राखणे हा नियोजनाचाच भाग आहे, हा धडा येथे मिळतो.

दुर्घटनांचे धडे : २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात दाब कमी करणारी झडप उघडीच राहिली. नियंत्रणकक्षातील दिवा मात्र झडपेची खरी स्थिती न दाखविता तिला मिळालेल्या विद्युत्‌ संदेशाची स्थिती दाखवीत होता. झडप बंद आहे अशा समजुतीने दोन तासांहून अधिक काळ शीतक जल निसटत राहिले व अणुभट्टीच्या गाभ्याची गंभीर हानी झाली. थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५–८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रारण दिले. त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. आधीच्या यंत्रांतील यांत्रिक अटकाव काढून त्यांचे काम आज्ञावलीवर सोपविले होते. सराईत तंत्रज्ञ भराभर दुरुस्ती करील तेव्हा काय होईल, याचा विचार झालेला नव्हता. पडद्यावर केवळ दोषक्रमांक उमटे, अर्थ कळत नसे आणि असे इशारे वारंवार येत असल्याने काम पुढे चालविण्याची सवय जडली होती. पहिल्या तक्रारींनंतर यंत्राकडून अशी चूक होणे अशक्य आहे, असे उत्तर देण्यात आले. नियोजनातील त्रुटीपेक्षाही तिच्यावरील अढळ विश्वासाने अधिक हानी केली, असे या प्रकरणावरून दिसते.

अनुचिंतनाचा सिद्धांत : डोनाल्ड शॉन (१९३०–९७) या अमेरिकन विचारवंताने १९८३ च्या ग्रंथात या सर्व अनुभवाला तात्त्विक बैठक दिली. जॉन ड्यूई (१८५९–१९५२) याच्या जिज्ञासाविषयक विचारांवर त्याने डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला होता. कुशल व्यावसायिक शास्त्रीय नियम केवळ लागू करीत नाही. तो कृती करतो, परिस्थिती जे ‘उत्तर’ देते ते ऐकतो आणि त्यानुसार प्रश्नाची मांडणी बदलतो, असे शॉनने वास्तुकलेच्या वर्गातील गुरु-शिष्यसंवादाच्या बारकाव्याने केलेल्या विश्लेषणातून दाखविले. कृती चालू असताना केलेले चिंतन व कृतीनंतरचे चिंतन असा भेद त्याने केला.

ल्यूसी सचमन (१९५१– ) या मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९८७ मध्ये नियोजनाच्या कल्पनेचीच चिकित्सा केली. प्रतिलेखन यंत्र (फोटोकॉपिअर) वापरताना गोंधळलेल्या दोन व्यक्तींचे तिने केलेले चित्रण प्रसिद्ध आहे. वापरकर्त्याच्या मनात एक ठराविक योजना आहे असे यंत्राने धरलेले असे; माणसे मात्र समोर जे दिसेल त्याचा अर्थ लावीत पुढे जात. वेगवान प्रवाहात होडी घालण्यापूर्वी नावाडी मार्ग मनाशी ठरवितो, पण प्रवाहात शिरल्यावर हात व वल्हे यांच्या कौशल्यावरच तो तरतो, अशा आशयाचा दाखला तिने दिला आहे. तिच्या मते योजना निरुपयोगी नसतात. त्या कृतीचे नियंत्रण करीत नाहीत, तर कृतीला उपयोगी पडणारे एक साधन असतात.

स्कँडिनेव्हियन देशांत या प्रश्नाला लोकशाहीचे परिमाण लाभले. नॉर्वेत क्रिस्टेन न्यूगोर (१९२६–२००२) याने लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर १९७० नंतर काम केले. ‘युटोपिया’ प्रकल्पात (१९८१–८५) छापखान्यातील कामगारांनी पुठ्ठ्याची खोकी लेझर मुद्रकाच्या जागी ठेवून भावी कामाची रंगीत तालीम केली. ज्यांचे काम बदलणार त्यांनाच भविष्य हाताळून पाहता आले व अयोग्य वाटेल ते वेळीच नाकारता आले.

नामकरण, मानके व अलीकडील प्रवाह : डोनाल्ड नॉर्मन (१९३५– ) हा मानसशास्त्रज्ञ थ्री माइल आयलंड दुर्घटनेच्या परीक्षणात सहभागी होता. १९८८ मध्ये त्याने रोजच्या वापरातील दारे, शेगड्या व बटने यांवरील ग्रंथातून हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. १९९३ मध्ये ॲपल कंपनीत गेल्यावर त्याने ‘वापरकर्ता-अनुभव’ हा शब्दप्रयोग आपल्या पदनामात वापरला व तो प्रचारात आला. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९९९ मध्ये मानवकेंद्री अभिकल्पाचे मानक (१३४०७) काढले; २०१० मध्ये त्याची जागा ९२४१-२१० या मानकाने घेतली. आकलन, गरजा, रचना व मूल्यमापन यांचे चक्र पुनःपुन्हा फिरले पाहिजे, असे त्यात सांगितले आहे.

फेब्रुवारी २००१ मध्ये यूटा राज्यात जमलेल्या सतरा आज्ञावलीतज्ञांनी चपळ (अजाइल) पद्धतीचा जाहीरनामा काढला. योजनेच्या काटेकोर पालनापेक्षा बदलाला प्रतिसाद देणे त्यांनी अधिक मोलाचे मानले आणि गटाने ठराविक काळाने आपल्या कामाचा फेरविचार करावा, हे तत्त्व सांगितले. प्रत्यक्षात दोन-तीन आठवड्यांच्या आवर्तनांत अभिकल्पकांना लोकांचा अभ्यास करण्यास सवड मिळेना. यावर उपाय म्हणून अभिकल्पाचे काम लेखनाच्या एक आवर्तन पुढे आणि चाचणीचे काम एक आवर्तन मागे ठेवण्याची समांतर रीत निघाली. म्हणजे एकाच वेळी पुढचे पाहणे व मागचे तपासणे, असा हा व्यावहारिक तोडगा आहे. पुढे संगणकजालावर हजारो वापरकर्त्यांना एकाच पृष्ठाच्या दोन आवृत्त्या दाखवून अधिक यशस्वी ठरणारी निवडण्याची पद्धत रूढ झाली. तिने मोजमाप सुलभ केले. परंतु काय मोजावयाचे, हा प्रश्न मोजमापाने सुटत नाही. ग्राहकाला नकळत जाळ्यात ओढणाऱ्या फसव्या रचना अशा मोजमापात ‘यशस्वी’ ठरू शकतात. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा प्रकारांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

भारतीय व मराठी संदर्भ : मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. उल्म येथे शिक्षण घेतलेले सुधाकर नाडकर्णी यांचा त्याच्या जडणघडणीत महत्त्वाचा वाटा होता. देवनागरी लेखनाचे यांत्रिकीकरण हे नियोजन व अनुभव यांतील ताणाचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण आहे. टंकलेखन यंत्रावर अक्षर दिसते त्या क्रमाने टंकित करावे लागे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येई. १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झालेल्या ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकात स्वर डावीकडे व व्यंजने उजवीकडे ठेवून उच्चाराचा क्रम स्वीकारला गेला. त्यामुळे सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी लागू झाली. रचना म्हणून ती अत्यंत तर्कशुद्ध आहे. तथापि जुन्या टंकलेखकांच्या बोटांतील सवय व नव्या पिढीची रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय यांपुढे तिचा प्रसार मर्यादित राहिला. स्पर्शपटलाच्या भ्रमणध्वनींसाठी पवईच्याच केंद्रात ‘स्वरचक्र’ हा कळफलक तयार झाला. त्यात व्यंजनाला बोट लावताच भोवती बाराखडीचे चक्र उमटते. शाळेत पाठ केलेली बाराखडी हाच येथे आधार मानला आहे.

मूल्यमापन : गेल्या शतकाचा अनुभव पाहता पूर्वनियोजन व अनुचिंतन हे परस्परविरोधी पक्ष नसून एकाच व्यापाराची दोन अंगे आहेत, असे दिसते. त्यांचे प्रमाण कामाच्या स्वरूपावर अवलंबून असते. जेथे चूक परत फिरविता येत नाही, तेथे (उदा., विमान, अणुभट्टी, औषधोपचार) आधीचा विचार जास्तीत जास्त असावा लागतो, पण तेथेच लहानात लहान तक्रारीचीही दखल घेणे अत्यावश्यक असते. जेथे बदल स्वस्त असतो, तेथे करून पाहणे श्रेयस्कर ठरते. पण तेथेही कशासाठी करावयाचे, हे आधी ठरवावे लागते. नियोजनाचा दोष पुढचे पाहण्यात नसून, आपण पाहिलेले हेच भविष्य असे मानण्यात आहे. वापरणाऱ्याच्या चुकीकडे आराखड्यासंबंधीचा पुरावा म्हणून पाहण्याची वृत्ती, ही या क्षेत्राची सर्वांत मौल्यवान मिळकत होय.